दोन राजवाडे, एकच तिकीट!

मुलांनो, अमेरिकेत डिस्नेलँड किती? ‘एकच!’ असं तुमच्यापैकी बरेचजण पटकन सांगतील. नावानं पाहिलं तर उत्तर बरोबर आहे. पण या डिस्नेलँडला एक सख्खं धाकटं भावंडही आहे, बरं का!

थोरलं डिस्नेलँड आहे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजलिसजवळच्या अ‍ॅनाहाइम गावात. धाकटं आहे थेट दुसऱ्या टोकाला, फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराजवळ. त्याचं नाव मॅजिक किंगडम. दोघांमध्ये विमानानं सुमारे पाच तासांचं अंतर. आणि तरी दोघांचा तोंडवळा अगदी एक! आत शिरलं की जुन्या काळचा बाजाररस्ता, रस्त्याच्या टोकाला परीकथेतला राजवाडा, सगळ्या बागेला वळसा घालणारी कोळशाच्या जमान्यातली वाटावी अशी आगगाडी. चाच्यांची गुहा इथेही आणि तिथेही. भुताचा वाडा इथेही आणि तिथेही.

मामा, काका किंवा आत्या अमेरिकेत आहे अशी घरं आता आपल्याकडे पुष्कळ. सुट्टीत तिकडे जायचं ठरलं की घरात पहिला वाद पेटतो तो हाच. कुठलं बघायचं? ‘दोन्ही बघू’ असं म्हणणं सोपं, पण एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर आहे. म्हणजे नऊ हजार रुपयांच्या घरात, कधी त्याहूनही जास्त. घरातली चार माणसं धरा आणि करा गुणाकार! बाबांचा चेहरा का उतरतो ते लगेच कळेल.

तेव्हा निवड नीट करायला हवी. आणि तुम्हाला जायचं नसलं तरी काय झालं? सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींतली चांगली कोणती हे ठरवायला शिकायचं, तर त्याला काही विमानाचं तिकीट लागत नाही!

बाकावर बसलेले बाबा

आधी थोडी कुळकथा. मिकी माउसचे जनक वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये न्यायचे. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसायच्या आणि वॉल्टसाहेब बाकावर बसून शेंगदाणे खायचे. तिथे त्यांच्या मनात आलं, मुलांनी खेळायचं आणि आईबापांनी नुसतं ताटकळायचं, हे काही खरं नाही. दोघांना बरोबरीनं मजा येईल अशी जागा का असू नये?

हा प्रश्न नीट लक्षात ठेवा. शेवटी तो आपल्याला लागणार आहे.

अ‍ॅनाहाइमला संत्र्यांच्या बागांची 160 एकर जमीन घेतली आणि वर्षभरात डिस्नेलँड उभं राहिलं. 17 जुलै 1955 ला ते उघडलं. पहिल्या दिवशी काय उडाली धांदल! आमंत्रणं होती त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं खोटी तिकिटं घेऊन आत घुसली. कडक ऊन पडलेलं. डांबर इतकं ताजं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतायला लागल्या. त्यातच नळजोडणी करणाऱ्या कामगारांचा संप झालेला. संडास चालू करायचे की पिण्याच्या पाण्याचे नळ? वेळ एकाच कामापुरता होता. वॉल्टनी संडास निवडले!

पुढे बाग तुफान चालली, पण एक पंचाईत झाली. आजूबाजूची जमीन दुसऱ्यांची. तिथे धडाधड हॉटेलं उभी राहिली आणि डिस्नेलँडला हातपाय पसरायला जागाच उरली नाही. म्हणून दुसऱ्या वेळी वॉल्टनी फ्लोरिडात गुपचूप, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी जमीन घेतली. डिस्नेचं नाव फुटलं असतं तर भाव आभाळाला भिडले असते ना! जमीन तरी किती? सुमारे 27,000 एकर. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान त्यात मावेल आणि वर थोडी जागा उरेल!

पण ती बाग पाहणं वॉल्टच्या नशिबात नव्हतं. 15 डिसेंबर 1966 ला ते गेले. त्यांचे थोरले भाऊ रॉय तेव्हा सत्तरीच्या पुढचे, निवृत्तीच्या तयारीत होते. जन्मभर धाकट्यानं स्वप्नं पाहायची आणि थोरल्यानं पैशांची जुळवाजुळव करायची, अशी ही जोडी. रॉयनी निवृत्ती पुढे ढकलली आणि भावाचं काम तडीला नेलं. 1 ऑक्टोबर 1971 ला मॅजिक किंगडमचे दरवाजे उघडले. हे स्वप्न कुणाचं होतं ते लोकांनी विसरू नये, म्हणून त्या सगळ्या जागेला त्यांनी नाव दिलं ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’. तीन महिनेही झाले नाहीत तोच, 20 डिसेंबर 1971 ला रॉयही गेले. 

तर अशी ही दोन भावंडं. आता घेऊ या दोघांची परीक्षा. पेपर पाच. ज्याचा पेपर चांगला, त्याला एक गुण.

पेपर पहिला : राजवाडा

कॅलिफोर्नियातला राजवाडा 77 फूट उंच. म्हणजे आपल्या गेटवे ऑफ इंडियापेक्षाही बुटका! पण तो तसा वाटत नाही, कारण वरवर जावं तसतसे त्याचे दगड लहान लहान केलेत. दिवाळीच्या किल्ल्यावर तुम्ही नाही का, पायथ्याशी मोठे मावळे आणि माथ्यावर चिमुकले ठेवत? मग किल्ला आपोआप उंच दिसतो. तीच युक्ती!

फ्लोरिडातला सिंड्रेलाचा राजवाडा मात्र 189 फूट. ही युक्ती तिथेही आहेच, शिवाय मुळातली उंचीही दांडगी. लांबून तळ्यापलीकडे तो दिसला की माणूस ‘अबब!’ म्हणतोच. गंमत म्हणजे त्यात एकही खरा दगड नाही. सगळं काम पोलाद, काँक्रीट आणि फायबरग्लासचं. थोरल्याच्या राजवाड्यात आत शिरून जिन्यानं फिरता येतं, निद्रिस्त राजकन्येची गोष्ट देखाव्यांतून पाहता येते, हे खरं. पण राजवाडा बघून छाती दडपली पाहिजे की नको? हा गुण फ्लोरिडाला.

पेपर दुसरा : पडद्यामागची व्यवस्था

एकदा डिस्नेलँडमध्ये वॉल्टना एक काउबॉय दिसला. घोड्यांच्या जुन्या जमान्यातला हा गडी कामावर जाताना चक्क भविष्यकाळाच्या विभागातून चालला होता! नाटकात शिवाजीमहाराजांच्या दरबारातून कुणी स्कूटर ढकलत न्यावी, तसंच ते. 

फ्लोरिडात ही चूक सुधारली. मॅजिक किंगडमच्या खाली बोगद्यांचं जाळंच आहे. नट, विदूषक, झाडूवाले, खाण्याचं सामान, सगळं तिथून ये-जा करतं. आता खरी गंमत ऐका. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं. मग बोगदे खणणार कसे? त्यांनी ते जमिनीवरच बांधले, शेजारचं तळं करताना निघालेली माती त्यांच्याभोवती भरली आणि वर बाग वसवली! म्हणजे आपण जिला जमीन समजून चालतो तो असतो दुसरा मजला. कचरासुद्धा नळ्यांतून हवेच्या जोरावर ओढून नेतात. हाही गुण फ्लोरिडाला. झाले की दोन!

पेपर तिसरा : खेळ

आता थोरला पुढे सरसावतो. जागा कमी, पण खेळ जास्त. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ची होडी इथे सुमारे पंधरा मिनिटं फिरवते आणि अंधारात दोनदा धबधब्यावरून खाली सोडते. हा खेळ 1967 साली सुरू झाला, वॉल्ट गेल्यानंतर तीनच महिन्यांनी. फ्लोरिडात तो करायचाच नव्हता, कारण खरा कॅरिबियन समुद्र तिथून जवळ, चाच्यांचं नवल ते काय! पण येणारे लोक विचारायला लागले, ‘चाचे कुठायत?’ शेवटी 1973 मध्ये तो आणला, पण आखूड करून. घसरगुंडीही एकच.

शिवाय मॅटरहॉर्न फक्त कॅलिफोर्नियात. स्वित्झर्लंडमधल्या खऱ्या शिखराच्या शंभराव्या भागाएवढा, 147 फुटांचा डोंगर आणि त्याच्या पोटातून सुसाट धावणारी गाडी. पोलादी नळीच्या रुळांवरची जगातली पहिली रोलर कोस्टर हीच, 1959 सालची.

भुताच्या वाड्यात मात्र बरोबरी. दोन्हीकडे तुम्हाला एका खोलीत कोंडतात आणि खोली लांबत लांबत जाते. कॅलिफोर्नियात खरं तर जमीनच खाली जाते. ती लिफ्ट आहे! पुढचा वाडा आगगाडीच्या रुळांपलीकडे असल्यामुळे तुम्हाला रुळांखालून न्यावं लागतं. फ्लोरिडात जागा भरपूर, लिफ्टची गरज नाही. पण ती गंमत सोडवेना, म्हणून तिथे छत वर जातं. गुण कॅलिफोर्नियाला.

पेपर चौथा : जुनं जपणं

कॅलिफोर्नियात ‘मार्क ट्वेन’ नावाची आगबोट 1955 पासूनची आहे. फ्लोरिडात तशीच नदी होती आणि तशीच बोट. नव्या खेळांना जागा करण्यासाठी ती जुलै 2025 मध्ये बंद झाली. पण थोरल्यानंही काही कमी मोडतोड केलेली नाही. भविष्यकाळाच्या विभागात माणसांना उंचावरून हळूहळू फिरवणारी छोटी गाडी त्यानं 1995 मध्ये बंद केली, ती फ्लोरिडात अजून फिरते. आणि फ्लोरिडाच्या आगगाडीची इंजिनं तर मेक्सिकोत राबलेली, शंभर वर्षांच्या आसपासची खरीखुरी इंजिनं! अर्धा गुण याला, अर्धा त्याला.

पेपर पाचवा : बाकावरचा प्रश्न

आता तो प्रश्न आठवा. मुलं आणि मोठी माणसं, दोघांना बरोबर मजा येते का?

फ्लोरिडात मोटारीनं गेलात तर गाडी ठेवायची, मग एकरुळी गाडीनं किंवा बोटीनं तळं ओलांडायचं, तेव्हा कुठे फाटक. जाताना याची मजा वाटते. मोनोरेल तर एका हॉटेलच्या पोटातून जाते! पण रात्री पेंगुळलेलं धाकटं भावंड खांद्यावर आणि समोर रांग, अशा वेळी आईला विचारा. त्यात उन्हाळ्यात दुपारी हटकून गडगडाट आणि पाऊस, हवा आपल्या मुंबईसारखी चिकट.

कॅलिफोर्नियात समोरचा रस्ता ओलांडला की हॉटेलं. आजीचे पाय दुखले तर ती दुपारी खोलीवर जाऊन पडेल आणि संध्याकाळी दिव्यांच्या वेळी परत येईल. खेळ एकमेकांना खेटून, त्यामुळे चुकामूक कमी आणि चालणंही कमी. ज्या लहानपणाबद्दल थोरल्याला हिणवलं जातं, तेच इथे कामी येतं. गुण कॅलिफोर्नियाला.

निकाल

करा बेरीज. फ्लोरिडा अडीच, कॅलिफोर्निया अडीच! आता?

शाळेत सगळे पेपर सारख्या गुणांचे असतात का? नाही ना! मग इथे कुठला पेपर मोठा? बाग ज्यासाठी बांधली, तो. राजवाडा उंच करायचा म्हणून काही डिस्नेलँड जन्माला आलं नाही. बाकावर एकट्या बसलेल्या बापाला उठवून मुलांबरोबर खेळायला नेण्यासाठी ते जन्माला आलं. म्हणून पाचव्या पेपरला आम्ही दुप्पट वजन देतो आणि निकाल जाहीर करतो : थोरलं डिस्नेलँड जिंकलं, एका गुणानं!

तुमचा निकाल वेगळा येऊ शकतो. घरात लहान मूल नाही, आजी-आजोबा बरोबर नाहीत, हाताशी चार-पाच दिवस आहेत, तर फ्लोरिडाला चला. तिथे डिस्नेच्याच आणखी तीन मोठ्या बागा आहेत. काका न्यू जर्सीत असतील तर फ्लोरिडा जवळ, मामा सॅन होजेत असेल तर कॅलिफोर्निया जवळ, हाही हिशेब आहेच.

फ्लोरिडाला गेलात तर शिरल्या शिरल्या जो चौक लागतो, तिथे एक बाक शोधा. मिनी माउसशेजारी एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसतील, ब्राँझचे. ते रॉय डिस्ने. घटकाभर त्यांच्या शेजारी बसा.

आणि कुठेच जायचं नसेल तर? तुमच्या गावात दोन बागा असतीलच, नाहीतर दोन जत्रा. एका रविवारी वही-पेन्सिल घेऊन जा आणि पाच पेपर तपासा. झोपाळे किती, सावली किती, पाणी आहे का, हे लिहाच. पण शेवटी बाकांकडेही बघा. मोठी माणसं नुसती बसलीत, की उठून मुलांबरोबर खेळताहेत?