इलॅस्टिक : ताणणे की परतणे?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला 'इलॅस्टिसिटी' प्रथम भेटते ती अर्थशास्त्रात. किंमत बदलली की मागणी किती बदलते, याचे ते माप. आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथाने ते रूढ केले. मिठाची मागणी अलवचीक, चैनीच्या वस्तूंची लवचीक, एवढे पाठ असले की आमचे गुण पक्के!

गंमत अशी की, या शब्दाच्या मुळाशी ताण नाहीच. 'हाकणे, पुढे ढकलणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून तो घडला. सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ जाँ पेके यांनी तो हवेसंबंधी योजला. दाबलेली हवा पुन्हा पसरते, तो तिचा जोर. कपड्यांना रबर लावण्याचे पेटंट थॉमस हॅनकॉक यांनी लंडनमध्ये घेतले ते थेट १८२० साली. नाडीची जागा घेणारे 'इलॅस्टिक' त्यानंतरचे.

मराठी विज्ञानपुस्तकांतील 'स्थितिस्थापकता' हा शब्द मला इंग्रजीहून सरस वाटतो. तो वैशेषिक दर्शनातून आला. प्रशस्तपादांनी संस्काराचे तीन प्रकार सांगितले. वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेले धनुष्य किंवा फांदी सोडताच पूर्ववत होते, ते या तिसऱ्यामुळे. 'लवचीक' शब्दात केवळ वाकणे आहे. परतण्याची हमी नाही.

बँकेत कर्जखाती पाहताना हा भेद मी कायम मनाशी बाळगला. एक धान्यव्यापारी दर सुगीला मंजूर मर्यादेहून थोडी अधिक उचल मागत. माल विकला की खाते पूर्वीच्या जागी येई. त्यांची शिफारस मी निःशंक करीत असे. दुसरे एक दुकानदार अतिशय मनमिळाऊ; पण प्रत्येक वाढीव उचलीनंतर त्यांचे खाते आधीपेक्षा थोडे वरच थांबे. तारही एका मर्यादेपलीकडे ताणली की मूळ लांबीवर येत नाही. तिसऱ्या वर्षी मी नकार दिला. "साहेब, नियम जरा लवचीक ठेवा," ते म्हणाले. मी ठेवले नाहीत. त्यांना काही माल तोट्यात विकावा लागला, आणि पुढे कित्येक वर्षे लग्नकार्यात समोरासमोर आलो तरी ते माझ्याशी बोलले नाहीत. दुकान मात्र टिकले. आता त्यांचा मुलगा ते चालवतो.