भोक आधी की ठसा आधी?

जपानचं पाच येनचं नाणं पितळेचं असतं आणि त्याच्या मधोमध भोक असतं. चलनातल्या सहा नाण्यांपैकी किंमत आकड्यात न लिहिलेलं हे एकटंच. सगळा मजकूर चित्रलिपीत, त्यामुळे नवा आलेला परदेशी माणूस पहिले काही दिवस दुकानात ते उलटसुलट करून बघत राहतो. पण इथल्या लोकांचा या नाण्यावर भारी जीव. पाच येन म्हणजे 'गो-एन', आणि ऋणानुबंधालाही जपानीत 'गो-एन'च म्हणतात. आमच्या कोबेत सान्नोमिया स्टेशनापासून चार पावलांवर इकुता देऊळ आहे. लग्न जुळावं म्हणून तिथे जाणारी मंडळी दानपेटीत हमखास पाच येन टाकतात. शंभर येनला जे पुण्य नाही ते पाचला!

आपल्याकडेही भोकाचा पैसा होता. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवण्यासाठी इंग्रज सरकारनं तो १९४३ मध्ये काढला आणि १९४७ पर्यंत पाडला. माझ्या आजीच्या डब्यात असे सातआठ होते. नळाला वॉशर म्हणून त्यातला एक आजोबांनी लावला होता म्हणे.

जपानात आज दोन नाण्यांना भोक आहे, पाच आणि पन्नास येनच्या. आणि जिथे भोक आलं तिथे भोक चुकणंही आलं. कधी ते सरकतं, कधी पडायचंच राहतं. टांकसाळीच्या तपासणीतून असं एखादं नाणं निसटलं की संग्राहक त्यासाठी हजार हजार पट मोजतात. ऑनलाइन लिलावांमध्ये अशी नाणी सतत दिसतात, आणि त्यातली बरीचशी टांकसाळीत नाही तर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जन्मलेली असतात.

या भानगडीत मी पडलो तो मिरजेच्या मामामुळे. मामा एसटीत कंडक्टर होता. तीस वर्षं सुट्या पैशांत हात घातल्यावर माणूस एकतर नाण्यांना विटतो किंवा त्यांच्या प्रेमात पडतो. मामा प्रेमात पडला. मागच्या वर्षी त्याचा फोन आला, "अरे, तुमच्याकडे पन्नास येनचं बिनभोकाचं नाणं लिलावात लागलंय. ऐंशी हजार येनपर्यंत जाऊ आपण. एक एफडी मोडतो." मामाची एफडी म्हणजे काय ते मला माहीत आहे. मामीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे होते ते. मी म्हटलं, "चार दिवस दे, बघून सांगतो."

माझं पोटापाण्याचं काम धातूच्या पत्र्याला प्रेसमध्ये आकार देण्याचं. पीएचडीची चार वर्षं तर पत्र्याला भोक पाडलं की त्याच्या कडेचं काय होतं, यातच गेली. (घरच्यांना हे सांगायची आजही चोरी आहे. "भोकात डॉक्टरेट?" असं आत्तेभाऊ विचारतो.) त्यामुळे प्रश्न माझ्या गल्लीतला होता.

नाणं कसं बनतं ते आधी बघू. कोबेहून तासाभरात ओसाकाच्या टांकसाळीत पोचता येतं. ही १८७१ साली सुरू झाली, हाँगकाँगच्या बंद पडलेल्या टांकसाळीची यंत्रं आणून. एप्रिलमध्ये आठवडाभर तिच्या आवारातली चेरीची झाडं बघायला लोटच्या लोट येतात. क्रम असा: धातूची पट्टी लाटायची, तिच्यातून गोल चकत्या कापायच्या, त्याच टप्प्यावर भोक पाडायचं, कडा उचलून घ्यायची, चकती तापवून मऊ करायची, धुवायची आणि सगळ्यात शेवटी दोन्ही बाजूंनी ठसा मारायचा. म्हणजे भोक आधी, ठसा नंतर. खोटं नाणं करणाऱ्याच्या हातात मात्र ठसा मारलेलं तयार नाणं येतं. त्याचं भोक नंतरचं. सगळी मेख या क्रमात आहे, कारण धातू क्रम विसरत नाही.

सरकलेलं भोक घ्या. खऱ्या चुकीत भोक आधीच बाजूला पडलेलं असतं आणि ठसा नाण्याच्या मध्यावरच बसतो. म्हणून मधल्या जागेचा जो भाग उघडा राहतो तिथे सपाट धातू दिसतो, आणि भोकाच्या काठावरचा धातू ठशाच्या दाबानं किंचित दबलेला असतो. खोटं करणाऱ्याची पंचाईत वेगळीच. त्याच्या नाण्यात मधोमध एक भोक आधीच आहे! ते सरकवणार कसं? एकतर कानशीनं एका बाजूला वाढवायचं, म्हणजे ते लांबट होतं. नाहीतर जुनं बुजवून नवं पाडायचं, म्हणजे बुजवल्याची गोल रेघ राहते आणि नव्या भोकाची धार नक्षी कापत जाते.

लांबटपणा घरबसल्या फोटोवरून मोजता येतो. पन्नास येनचं नाणं २१ मिलिमीटरचं, भोक ४ मिलिमीटरचं. गुणोत्तर १९ टक्के. पाच येनला २२ आणि ५, म्हणजे साधारण २३ टक्के. फोटो मोठा करून पट्टीनं आडवं आणि उभं मोजायचं. एका दिशेला १९ आणि दुसऱ्या दिशेला २३ आलं की पुढचं पान उघडायचं.

मामाचं नाणं बिनभोकाचं होतं. विकणाऱ्यानं कष्ट घेतले होते. मजकुरात वारलेले आजोबा होते, त्यांचा लाकडी डबा होता, शेवटी इथल्या लिलावांचा तो ठरलेला मंत्र होता, 'नो क्लेम, नो रिटर्न'. आणि खात्री पटावी म्हणून एक फोटो: डिजिटल काट्यावर नाणं, आकडा ४.०० ग्रॅम. खाली लिहिलेलं, "अधिकृत वजनाशी तंतोतंत जुळतं."

जुळतं, तेच तर चुकलं. पन्नास येनचं ४ ग्रॅम हे वजन भोकासकट आहे. भोक पडलंच नाही तर तिथला धातू कुठे जाईल? २१ मिलिमीटरच्या चकतीत ४ मिलिमीटरचं भोक साडेतीन टक्क्यांहून थोडी जास्त जागा खातं. तेव्हा बिनभोकाचं खरं नाणं सव्वाचार ग्रॅमच्या अलीकडे, ४.१५ च्या आसपास भरायला हवं. कुणीतरी भोक बुजवून, पुस्तकातला आकडा समोर ठेवून, घासत घासत ते ४.०० वर आणलं होतं. बिचाऱ्यानं जास्तच मेहनत घेतली.

तरी मी मोतोमाचीतल्या एका जुन्या नाणेवाल्या आजोबांना फोटो दाखवले. त्यांनी भिंग काढलं, भिंग परत ठेवलं आणि म्हणाले, "नाण्याची गोष्ट विकत घेऊ नका, नाणं विकत घ्या." मग त्यांनी बिनभोकाच्या नावाखाली चालणारी आणखी एक युक्ती सांगितली. १९४८-४९ साली पाच येनचं नाणं बिनभोकाचंच निघत होतं, संसदेचं चित्र असलेलं. १९५५ ते १९५८ पन्नास येनचंही तसंच होतं, निकेलचं, २५ मिलिमीटरचं, लोहचुंबकाला चिकटणारं. ही नाणी अस्सल, पण चूक वगैरे काही नाही. नवख्याला ती 'भोक विसरलेली' म्हणून विकतात.

मामाला मी सगळं गणित फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे ते वजन बरोबर होतं म्हणून खोटं?" तिकिटांचा हिशेब तीस वर्षं जुळवलेल्या माणसाला हे पचायला जड गेलं, पण पटलं. एफडी वाचली. मी त्या साइटकडे तक्रार केली, छापील आभाराचं उत्तर आलं आणि दोन दिवसांनी ते नाणं एक लाख येनच्या वर गेलं. घेणाराही कुणाचा तरी मामाच असणार. हे मला अजून खुपतं.

खरं तर असं नाणं बनवणं हाच इथे गुन्हा आहे, विकणं ही पुढची गोष्ट. १९४७ च्या कायद्यानुसार नाणं मोडलं किंवा वितळवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन लाख येनपर्यंत दंड. आपल्याकडेही २०११ च्या नाणे कायद्यानं नाणं वितळवायला, नष्ट करायला मनाई आहे. पण आपल्याकडच्या ठगांना एवढी कारागिरी लागतच नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं साधं पाच रुपयांचं नाणं 'लाखो रुपयांना घेतो' म्हणून सांगायचं आणि आधी 'प्रोसेसिंग फी' उकळायची. रिझर्व्ह बँकेचं नावही बिनदिक्कत वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर सांगावं लागलं की अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलीही फी मागत नाही.

तेव्हा कुणाला घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याकडे दोन दशांश स्थळं दाखवणाऱ्या काट्याचा फोटो मागा. काटा बरोबर आहे का हे बघायला शेजारी एक येनची नाणी ठेवायला सांगा. ॲल्युमिनियमचं हे नाणं बरोबर एक ग्रॅमचं असतं, चार ठेवली की चार ग्रॅम. कडेचा तिरका, जवळून काढलेला फोटो मागा. मोठी रक्कम असेल तर जपानच्या नाणे व्यापाऱ्यांच्या संघाचं प्रमाणपत्र आहे का ते विचारा. खरा माल असलेला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. आजोबांच्या डब्याची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, तर पैसे खिशातच राहू द्या.