सीटीसीतली एक दुपार

सिकंदराबादला पॅराडाइज मेट्रो स्टेशनवर उतरलं, की पार्कलेनचं चिनॉय ट्रेड सेंटर चालत गाठता येतं. हैदराबादकर त्याला नुसतं ‘सीटीसी’ म्हणतात. आत जिकडे पाहावं तिकडे कॉम्प्युटरची दुकानं.

दोन वर्षं साठवलेले पैसे घेऊन भाचा माझ्याबरोबर आला होता. पहिल्याच दुकानात तो रंगीत दिव्यांच्या, काचेच्या कॅबिनेटपुढे थबकला. मी म्हटलं, “दिव्यांनी गेम पळत नाही रे. आधी यादी करू.”

घरचा मॉनिटर १०८० पीचा. त्याला ८ जीबीचं आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड पुरतं. प्रोसेसर सहा कोअरचा रायझन ५ ५६००. त्याचा कूलर खोक्यातच येतो. रॅमची १६ जीबीची एक पट्टी नको, ८ च्या दोन घ्याव्यात. जोडीनं वेग वाढतो.

“मामा, मग दिव्यांचं कॅबिनेट बसतंय की!” तो म्हणाला. दुकानदारानं त्यासाठी बिननावाचा स्वस्त पॉवर सप्लाय पुढे केला. तिथे मात्र मी अडलो. माझा पहिला कॉम्प्युटर अशाच सप्लायमुळे मदरबोर्डसकट जळाला होता. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

भाचा जरा वेळ गप्प राहिला. मग कॅबिनेट साधं घेतलं, सप्लाय नावाजलेल्या कंपनीचा, ५५० वॉटचा. वॉरंटीसाठी पक्कं बिलही त्यानंच मागून घेतलं.

परतताना मेट्रोत त्यानं ग्राफिक्स कार्डाचं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.