चुंबकाला न चिकटलेला कण

पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग हे दोन्ही जेथे एकमेकांस छेदतात, ते जुन्नर तालुक्यातील आळेफाटा. या रस्त्यांचे जुने क्रमांक 50 आणि 222 होते. आता ते 60 आणि 61 झाले आहेत. क्रमांक बदलले तरी फाट्याचा धर्म बदललेला नाही. चारही दिशांनी येणारी वाहने येथे थबकतात, चालक चहा घेतात, आणि ज्यांच्या वाहनाला काही दुखणे आहे ते रस्त्याच्या कडेच्या गॅरेजात शिरतात. जवळच आळे गावी ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे. ज्या मुलखात रेड्याच्या मुखातून वेद ऐकल्याची कथा इतक्या श्रद्धेने सांगितली जाते, तेथील मेस्त्री मंडळी बॉनेटवर कान टेकून इंजिनाचे बोलणे ऐकतात, याचे आम्हांला कधी नवल वाटलेले नाही.

आमच्या पुतण्याने टोमॅटोचा हंगाम तोंडावर असताना एक जुनी पिकअप घेतली. नारायणगावच्या बाजारातून माल भरायचा आणि रातोरात मुंबईकडे पोहोचवायचा, हा त्याचा बेत. गाडीवर बँकेचा हप्ता, घरी दोन लहान मुले आणि पाठीशी दुसरे उत्पन्न नाही. टोमॅटो हा थांबणारा माल नव्हे. भरलेली गाडी माळशेज घाटात एक दिवस उभी राहिली, तर भाडे तर बुडतेच, शिवाय पुन्हा माल द्यायला कोणी धजत नाही. म्हणून तो इंजिनाविषयी अतिशय हळवा झाला होता. कोणीतरी त्याला ऑइल फिल्टरवर बसवायच्या चुंबकांचा एक महागडा संच दाखवला होता आणि त्याने इंजिनाचे आयुष्य दुप्पट होते असेही सांगितले होते. "काका, घेऊ का?" असे त्याने विचारले. आम्ही जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे चुंबकाच्या बाबतीत आमचा शब्द अखेरचा, अशी त्याची समजूत आहे.

अशा वेळी वस्तू चांगली की वाईट हे विचारण्याआधी, ती नेमके काय पकडते हे विचारावे. इंजिनातील ऑइल तळाच्या चेंबरमधून जाळीवाटे पंपात जाते, पंपातून फिल्टरमध्ये आणि तेथून बेअरिंगांकडे. आरंभीच्या मोटारींना केवळ जाळी असे. ऑइल सारखे बदलावे लागे. 1923 साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर सिद्ध केला आणि त्याला 'प्युरोलेटर' हे नाव मिळाले. 'पुढे शुद्ध ऑइल' अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची ती जोडाजोड. आज आपण फिरवून बसवतो त्या डब्यात घड्या घातलेला विशिष्ट कागद असतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो. साधारण चांगला फिल्टर 20-30 मायक्रॉनचे कण बऱ्यापैकी अडवतो. त्याहून बारीक कणांपैकी पुष्कळसे निसटतात. आणि बेअरिंगमधील ऑइलचा थर काही मायक्रॉनांचाच असल्याने हे निसटलेले कणही निरुपद्रवी नसतात. चुंबकाची बाजू मांडणाऱ्यांचा मुद्दा हाच आहे आणि तो खोटा नाही.

परंतु चुंबक पकडते ते लोखंड आणि पोलाद. सिलिंडर आणि रिंगा झिजल्या तर त्यांचा कीस त्याला चिकटेल. पिस्टनचे ॲल्युमिनियम चिकटणार नाही, बेअरिंगांचे तांबे, शिसे आणि कथील चिकटणार नाही, डिझेलची काजळी चिकटणार नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रस्त्याची धूळ चिकटणार नाही. आमच्या भागात खडी फोडणारी यंत्रे आहेत, उन्हाळ्यात शेतातली माती उडते. ही वाळूची जात एअर फिल्टरच्या फटीतून आत गेली की सिलिंडर खरवडते. म्हणजे चोर सुटतो आणि चोराने उकरलेली माती तेवढी चुंबकाच्या हाती लागते! एअर फिल्टरची क्लिप नीट बसली आहे की नाही हे पाहण्यास पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

शिवाय फिल्टरचा डबा स्वतःच लोखंडी पत्र्याचा. बाहेरून चुंबक लावले की त्याच्या ओढीचा मोठा भाग त्या पत्र्यातूनच वळून परत जातो. आत पोहोचतो तो उरलासुरला. चुंबक जोरकस असेल तर काही कण डब्याच्या आतल्या भिंतीला धरून ठेवते, हे खरे. 1980च्या दशकात आलेली निओडिमियमची चुंबके फार बलवान असतात, पण त्यांचा साधा प्रकार 80 अंश सेल्सिअसच्या पुढे आपले बळ गमावू लागतो, आणि इंजिनातील ऑइल तर सहज शंभरीच्या आसपास तापते. स्पीकरमधील काळे फेराइट चुंबक दुबळे असले तरी उष्णतेला दाद देत नाही. पुतण्याने घरातील मोडक्या स्पीकरकडे आशेने पाहिले. ते चुंबक ठिसूळ असते आणि त्याचा तुकडा नको तेथे पडला तर फिल्टरने गिळायचा कचरा आपणच पुरवल्यासारखे होईल, असे आम्ही त्याला सांगितले. जेथे चुंबक खरोखर शोभते ती जागा म्हणजे चेंबरचा ड्रेन बोल्ट. गिअरबॉक्सच्या बोल्टला पुष्कळ कारखाने ते मुळातच बसवून देतात.

फिल्टर निवडण्याविषयीही दोन शब्द. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नव्हे. आत एक झडप असते. थंड पहाटे ऑइल घट्ट असताना किंवा कागद तुंबला असताना ती उघडते आणि ऑइल न गाळता पुढे सोडते, कारण बेअरिंगला कोरडे राहण्यापेक्षा मळके ऑइल परवडते. ती किती दाबाला उघडावी हे इंजिनागणिक निराळे. दुसरा असतो रबराचा पडदा. गाडी उभी असताना डब्यातील ऑइल मागे ओघळू नये यासाठी. हे रबर कडक झाले की रोज सकाळी इंजिन पहिले काही क्षण कोरडेच फिरते. खोक्यावर 'नव्याण्णव टक्के' छापलेले असले तर कोणत्या आकाराच्या कणांचे, हे विचारावे. आकार नसेल तर तो आकडा शोभेचा. आयएसओ 4548-12 नावाची एक चाचणी आहे. तीत ठराविक धूळ मिसळलेले ऑइल फिल्टरमधून पुनःपुन्हा फिरवून अलीकडचे आणि पलीकडचे कण मोजतात. तिचा उल्लेख करणारा उत्पादक निदान प्रश्न समजून घेतो, असे आमचे मत आहे. ते जमत नसेल तर वाहन बनवणाऱ्याने सांगितलेला फिल्टर ओळखीच्या आणि पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावा. हाताने घट्ट करावा. पान्याने आवळू नये. आणि जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाला चिकटून राहिलेले नाही, हे बोट फिरवून पाहावे.

एवढे पुराण ऐकून घेतल्यावर पुतण्या हळूच म्हणाला, "काका, गाडी तापली आणि सावकाश चालीवर आली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. पहिल्या मालकाने सांगितले, स्विच खराब आहे."

आम्ही त्याच दिवशी त्याच्यासोबत फाट्यावरील एका वयस्क मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी ऑइल काढले, फिल्टर उतरवला आणि तो कापायला घेतला. पुतण्याने हॅकसॉ पुढे केली तेव्हा ते म्हणाले, "अरे दादा, करवत चालवली तर तिचाच कीस आत पडेल. मग कुठला इंजिनाचा अन् कुठला आपला, कसं ओळखशील?" आणि त्यांनी पाइप कापायच्या चाकाच्या कटरने डब्याचे झाकण गोल फिरवत अलगद मोकळे केले. शाळेतल्या प्रयोगशाळेत हा दक्षपणा आम्ही मुलांना वर्षानुवर्षे शिकवत आलो. येथे तो आयता पाहावयास मिळाला.

कागदाच्या घड्या उलगडून त्यांनी डिझेलमध्ये धुतल्या आणि गाळ पांढऱ्या कापडावर पसरून उन्हात धरला. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक वरून फिरवले. थोडी काळी लव उभी राहिली आणि पिशवीला चिकटली. ती फार नव्हती. जुन्या इंजिनात तेवढी असायचीच, असे ते म्हणाले. पण कापडावर जे मागे राहिले ते पाहून ते गप्प झाले. उन्हात चमकणाऱ्या बारीक पापुद्र्या होत्या, तांबूस रंगाच्या. चुंबक त्यांच्यावरून दोनदा गेले. एकही हलली नाही.

"गुरुजी, हे तांबं आहे," ते आम्हांला म्हणाले. "बेअरिंगचं वरचं कातडं गेलंय."

बेअरिंगची पाठ पोलादाची असते, तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचा थर आणि सर्वांत वर मऊ धातूचा पातळ लेप. तांबे दिसू लागले म्हणजे लेप झिजून संपला. फट वाढली की ऑइलचा दाब पडतो. दिवा लुकलुकत होता तो त्यामुळे, स्विचचा त्यात दोष नव्हता. चुंबकांचा तो महागडा संच या गाडीवर बसवला असता तर त्याने या पापुद्र्यांतली एकही धरली नसती, आणि वर काळा लेप दाखवून आपण काम करीत असल्याची ग्वाही दिली असती.

प्रश्न मोठा होता. पहिला माल दोन दिवसांनी भरायचा होता. गाडी तशीच चालवली तर कदाचित महिना निघेल, कदाचित पहिल्याच घाटात बेअरिंग क्रँकला धरेल. मग क्रँक घासून आणणे आणि अख्खे इंजिन उतरवणे आले. पुतण्या बराच वेळ गॅरेजच्या दारात उभा राहिला. हप्त्याची तारीख, व्यापाऱ्याला दिलेला शब्द, उसने मागायचे कोणाकडे, हे सारे त्याच्या चेहऱ्यावर वाचता येत होते. आम्ही मुद्दामच काही बोललो नाही. जोखीम ज्याच्या माथी, निर्णय त्याचा. अखेर त्याने व्यापाऱ्याला फोन लावला आणि गाडी चार दिवस येणार नाही म्हणून सांगितले. त्या व्यापाऱ्याने काय सुनावले ते येथे छापण्याजोगे नाही.

मेस्त्रींनी चेंबर खालून उतरवला. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे काढली तेव्हा दोहोंवर तांबे उघडे पडलेले दिसले. क्रँकवर मात्र चरे नव्हते. मायक्रोमीटरने मापे घेतली, ती मर्यादेत भरली. त्यामुळे नवी बेअरिंगे टाकून काम निभावले आणि इंजिन उतरवावे लागले नाही. कापलेल्या फिल्टरमधला रबरी पडदा शिंगासारखा कडक झाला होता आणि घड्या कोठे दाट, कोठे विरळ होत्या. वरचे खोके नामांकित कंपनीचे असेल, आतला माल तिचा नसावा. बेअरिंगे त्यानेच गेली, असे आम्ही म्हणणार नाही. मागील मालकाने ऑइल वेळेवर बदलले होते की नाही हे कोण सांगणार?

विमानांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या इंजिनांत एक चुंबकी बोल्ट असतो. त्याच्या दोन टोकांमधली फट पोलादी कणांनी भरली की वीजमंडल पूर्ण होते आणि वैमानिकापुढे दिवा लागतो. ऑइल शुद्ध करणे हे त्या बोल्टचे मुख्य काम नाहीच. त्याने बातमी द्यायची असते. पुतण्यास हे फार पटले. चुंबकांच्या संचाचे पैसे वाचले, त्यांतून त्याने चुंबक असलेला ड्रेन बोल्ट घेतला आणि उरलेल्यात दोन चांगले फिल्टर.

ऑइल बदलताना तो आता बोल्ट पांढऱ्या कागदावर पुसतो, फिल्टर कापून त्यातील गाळही शेजारी टिपतो, आणि कागदावर तारीख व किलोमीटर लिहून तो गाडीच्या खणात ठेवतो. असे तीन कागद जमले आहेत. तिन्हींवर लोण्यासारखा मऊ, करडा लेप आहे. तांबूस काही नाही. मेस्त्री ते उन्हात धरून पाहतात आणि परत देतात. चौथ्याला अजून दोन हजार किलोमीटर आहेत.