पीण्यातील एक कॅमशाफ्ट

बंगळुरास बदली होऊन आलेल्या मराठी अधिकाऱ्याचे नगरज्ञान बहुधा लालबागेपासून सुरू होते आणि महाराष्ट्र मंडळाच्या नाटकापाशी संपते. तुमकूर रस्त्याने वायव्येस पीण्यापर्यंत जाण्याचे त्यास सहसा कारण पडत नाही. १ मार्च २०१४ रोजी मेट्रो तेथवर पोहोचली, तरी ते पडले नाही. आम्हांस मात्र पडते, कारण आमचे एक सोलापूरकर स्नेही तेथे इंजिने बांधण्याचा व ग्राइंडिंगचा छोटा कारखाना चालवितात, आणि त्यांच्याकडचा चहा आमच्या कचेरीतील चहापेक्षा पुष्कळच बरा असतो.

पीण्याची औद्योगिक वसाहत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. शेजारीच जळहळ्ळी, तेथे १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना. त्याच्या सान्निध्यात हात तयार झालेल्या माणसांनी पीण्याच्या गल्ल्यांत शेड बांधल्या. एकीत फक्त दाते पाडतात, दुसरीत फक्त धातूला पाणी देतात, तिसरीत फक्त घासतात. एखादा भाग पूर्ण व्हावयाचा तर त्याला हातगाडीवरून चार दारे हिंडावी लागतात. या भागांची नावे सर्वसामान्य माणसास ठाऊक नसतात, आणि ते मोडेपर्यंत ठाऊक होण्याची गरजही पडत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात निपाणीचा एक तरुण आमच्या स्नेह्यांकडे ट्रकचे इंजिन घेऊन आला. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०१४ पासून टाटांच्या ट्रकांच्या शर्यती होऊ लागल्या होत्या. प्रथम परदेशी चालक धावले. २०१६ च्या मार्चमध्ये आपल्याकडील ट्रकचालकही त्यांत उतरले. ते पाहून या तरुणाच्या मनाने घेतले. त्या शर्यतींतील गाड्या कंपनीच्याच असत, बाहेरच्या गाडीला तेथे प्रवेश नव्हता; परंतु उद्या तो मिळेल तेव्हा आपली गाडी सिद्ध असावी, असा त्याचा हिशेब. वडिलांचे ट्रक दोनच. त्यांतील जुना त्यांनी पोराच्या हवाली केला होता, तोही घरात बरेच दिवस अबोला झाल्यावर.

तरुणाने एका अमेरिकन कॅटलॉगातील पान उघडून टेबलावर ठेवले. "काका, ह्यातला सगळ्यांत मोठा कॅम बसवा."

कॅमशाफ्ट हा इंजिनाच्या पोटातील एक लांब दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. उंचवटा वर आला की टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्याकरवी व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा किती उंच, यावर व्हॉल्व्ह किती उघडणार हे ठरते. किती रुंद, यावर किती वेळ उघडा राहणार हे ठरते. हवा केव्हा आत घ्यावयाची आणि धूर केव्हा बाहेर सोडावयाचा, याचे सारे वेळापत्रक या एका दांड्यावर कोरलेले असते. कचेरीतील हेडक्लार्कशी त्याची तुलना करण्याचा मोह आम्हांस झाला होता. पण कॅम कधी रजेवर जात नाही.

मोठा कॅम म्हणजे व्हॉल्व्ह अधिक वेळ उघडा ठेवणारा. पेट्रोलच्या इंजिनात त्याचा महिमा खरा आहे. आमच्या स्नेह्यांनी तरुणपणी शोलावरमच्या शर्यतींसाठी मोटारसायकली तयार करून दिल्या होत्या. तेव्हा त्यांनी असे कॅम पुष्कळ बसविले. असे इंजिन उभ्या जागी अडखळत, गुरगुरत चालते, खालच्या फेऱ्यांत जीव नसल्यासारखे वागते, आणि फेरे वाढले की एकदम पेटून उठते. मोटारसायकल हलकी, तिला ते चालते. ती गुरगुरच या तरुणाला हवी होती, हे त्याच्या बोलण्यावरून उघड दिसत होते.

स्नेह्यांनी त्याला एवढेच विचारले, "शर्यतीत कमाल वेग किती धरायचा?"

युरोपातील ट्रकशर्यतींचे नियम तरुणाला तोंडपाठ होते. ताशी १६० किलोमीटर. त्यापुढे जाण्यास मनाई. डोळ्यांना दिसेल इतका धूर सोडला तर शिक्षा.

"मग वरच्या फेऱ्यांतली ताकद घेऊन तू करणार काय?"

आमच्या मते सारे प्रकरण या एका प्रश्नात होते. जेथे वेगाला छत घातले आहे, तेथे सरळ रस्त्यावर सारे सारखेच. शर्यत जिंकावयाची ती वळणावर: पाच टनांहून जड गाडी ब्रेक लावून मंद करावयाची आणि वळणातून बाहेर पडताना दुसऱ्याच्या आधी उचलावयाची. म्हणजे जोर हवा तो मधल्या फेऱ्यांत, आणि मोठा कॅम नेमका तोच हिरावून घेतो.

तरुणाने मान हलविली, पण त्याचे समाधान झाले नव्हते. कॅटलॉग मिटलेला नव्हता. तेव्हा स्नेह्यांनी त्यास आत नेले. इंजिन सहा सिलिंडरांचे, टर्बो बसविलेले, ५.९ लिटरचे डिझेल. ते स्टँडवर उलटे टांगले होते, कारण त्याचे टॅपेट छत्रीच्या आकाराचे असतात. इंजिन उलटे केले, की ते कॅमच्या वाटेतून सरतात. जुना कॅम काढण्यापूर्वी क्रँकच्या टोकाला अंशांची तबकडी आणि टॅपेटला डायल गेज लावून, कॅम किती अंशांवर किती उचलतो, हे शाळेच्या वहीत लिहून ठेवले होते. पिस्टनच्या माथ्यावर मातीची गोळी ठेवून, हेड बसवून, इंजिन हाताने फिरविले होते. ती चपटी झालेली गोळी स्नेह्यांनी सुरीने कापली आणि तिची जाडी तरुणाला दाखविली.

डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबावी लागते, की पिस्टन वर आला म्हणजे त्याच्या व हेडच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर अंतर उरते. धूर सोडणारा व्हॉल्व्ह मिटत असतो आणि हवा घेणारा उघडत असतो तो याच क्षणी. मोठ्या कॅमने दोन्ही अधिक उघडे राहिले, तर पिस्टन त्यांवर आदळणार. पिस्टनला खाचा पाडाव्यात, तर ज्वलनाची जागा बिघडते आणि धूर वाढतो. शिवाय टर्बोमुळे धुराच्या नळीतील दाब कित्येकदा आत येणाऱ्या हवेच्या दाबाहून अधिक असतो. दोन्ही दारे एकदम उघडी राहिली, तर बाहेर जावयाचे तेच आत शिरते.

तरुण बराच वेळ त्या गोळीकडे पाहत राहिला. वडिलांच्या दोन गाड्यांपैकी एक त्या जाडीवर उभी होती.

अखेर ठरले ते असे. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ मुळात होता तेवढाच ठेवावयाचा. उचल थोडी वाढवावयाची. धुराचा व्हॉल्व्ह किंचित आधी उघडावयाचा, म्हणजे टर्बोला लवकर जोर मिळेल. व्हॉल्व्हचे स्प्रिंग अधिक कडक घ्यावयाचे. उचलीलाही मर्यादा दोन होत्या. सपाट टॅपेटचा जो व्यास, त्याहून अधिक वेगाचा चढ त्याखाली बसत नाही. कॅमची कड टॅपेटच्या काठाबाहेर जाऊन तो खरवडू लागते. दुसरी मर्यादा धातूची. जुना कॅम पुन्हा घासून उचल वाढवावयाची, तर शिखरावर काही चढवीत नाहीत. पायथ्याचे वर्तुळ घासून लहान करतात. कठीण केलेला थर वरवरचाच असतो. तो ओलांडून खाली मऊ धातूत गेले, की कॅम थोड्याच दिवसांत झिजून सपाट होतो.

येथे जाता जाता सांगितले पाहिजे, की जगभरच्या मोटार-कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरविणारा एक मोठा कारखाना आमच्या स्नेह्यांच्याच सोलापुरात आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही ती कंपनी १९९२ मध्ये स्थापन झाली आणि २०१६ सालीच शेअर बाजारात उतरली. सोलापूर म्हटले की चादर आठवणाऱ्या आमच्या पिढीस याची वार्ताही नसते. स्नेही मात्र ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास सांगतात; तरुणालाही ती दोनदा ऐकावी लागली.

कॅम तीन आठवड्यांनी घासून आला. इंजिन चालू झाले तेव्हा आम्ही तेथेच होतो. ते अडखळले नाही, गुरगुरले नाही. चारचौघा ट्रकांसारखे चालू लागले. तरुणाचा चेहरा पाहवेना. "काका, ह्याचा आवाज तर बदललाच नाही!" स्नेह्यांनी उत्तर न देता त्याच्या हाती गाडीची किल्ली ठेवली.

निपाणीस जाणारा रस्ता पीण्यावरूनच जातो. निपाणीच्या अलीकडे तवंदीचा घाट लागतो. आठवड्याने वडिलांचा फोन आला. त्यांनी स्वतः ती गाडी रिकामीच त्या घाटातून चढवून पाहिली होती, आणि जेथे एरवी गिअर उतरवावा लागे तेथे तो उतरवावा लागला नव्हता. शर्यतीचे नावही न काढता त्यांनी विचारले, "दुसऱ्या गाडीलाही हाच बसवून द्याल का?"

स्नेह्यांनी नकार दिला. धुराचा व्हॉल्व्ह आधी उघडला की सिलिंडरातील काही जोर काम न करताच नळीतून निघून जातो. शर्यतीत ते परवडते, माल वाहताना दर खेपेस त्याचे डिझेल भरावे लागते. "त्या गाडीवर तुमचे घर चालते," ते म्हणाले, "तिला तिचा मूळचाच राहू द्या."