कर्सर जिथे थांबला होता

नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर बंद झाला, की उघड्या टॅबची नोंद सेशन डॉट एक्सएमएल नावाच्या छोट्या फाइलीत राहते. मला ती वाचायला आवडते. तिच्यात फाइलींची नावं असतातच. शिवाय खिडकीत सगळ्यात वर कोणती ओळ दिसत होती, कर्सर नेमका कुठे होता आणि शेवटी समोर कोणता टॅब होता, त्याचेही आकडे असतात. माझी सबंध संध्याकाळ त्या चार आकड्यांत मावलेली असते.

सोडलेलं काम तिथूनच पुढे सुरू करण्याचं हे स्वप्न जुनं आहे. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात घडलेल्या स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग प्रणालीत उघड्या खिडक्यांसकट सगळं जग एका 'इमेज'मध्ये साठवता येई आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येई. घरोघरच्या संगणकांवर मात्र बहुतेक प्रोग्रॅम रोज कोऱ्या मनानं उठायचे. २००६ साली फायरफॉक्स २ या ब्राउझरमध्ये टॅब परत आणण्याची सोय आली. महाराष्ट्रात ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली तरी वाचन हरवत नाही, याचं मोल इथे कुणाला सांगावं लागलं नाही. २०११ साली मॅक ओएस एक्स लायननं ही सवय सगळ्या यंत्रणेलाच लावली.

पण टॅब परत आले म्हणजे काम परत आलं असं नाही. पारायण करणारा उठताना पोथीत खूण घालतो, ती थांबल्या ओवीपाशी. विम हा एडिटर तेच करतो: फाइल सोडताना कर्सर ज्या ओळीवर, ज्या अक्षरावर होता, ती जागा तो जपून ठेवतो. चाळीस टॅब उघडून देणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा ही एक जागा मला अधिक मोलाची वाटते.

दृष्टिहीन माणसासाठी तर ती जागा हेच सर्वस्व. डोळस माणूस पडद्यावर नजर फिरवून आपलं ठिकाण शोधतो; दृष्टिहीन माणसाला ते ऐकून शोधावं लागतं. मायकल करन यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मुख्यतः फोकस (दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा) जिथे असेल तिथलं बोलतो. ई-स्पीकच्या आवाजात तो मराठीही वाचतो. प्रोग्रॅम उघडला आणि फोकस कुठेच नसला, तर ऐकणारा टॅबची कळ दाबत, एकेक बटण ओलांडत कालची ओळ शोधत राहतो. फोकस जागेवर आला, तर पहिलाच शब्द त्याच्या कामाचा असतो.

म्हणून टॅबची यादी साठवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरनं फोकसही साठवावा. मधल्या काळात फाइल बदलली आणि ती ओळच उरली नाही, तर तो जवळच्या ओळीवर न्यावा. माणसाला पुन्हा पहिल्या ओळीवर आणून उभं करू नये. साठवायला लागतात दोन-चार आकडे. काम अर्धं सोडून उठावं लागणं कुणाला चुकत नाही. परतल्यावर वाट शोधण्याचा त्रास मात्र नक्की चुकवता येतो.