वैमानिकाचे म्हणणे आणि आईची ट्रंक

आमच्या मेहुण्यांच्या नात्यातील एक मुलगा वैमानिक आहे. आम्ही चाकणच्या कारखान्यात कारकून. विमानाशी आमचा संबंध डोक्यावरून जाणाऱ्या आवाजापुरताच. मागे एका रविवारी तो पिंपरीला आमच्या घरी आला, तर वस्तीतली पोरे दारात जमली. जिद्दीने शिकून एवढा वर गेलेला मुलगा, त्याला उलट बोलणे आमच्या जिवावर आले. पण बोलावे लागले.

विषय आमच्या मुलीने काढला. ती बारावीला आहे. "दादा, विमानांमुळे हवामान बिघडते ना?"

तो हसला. "काका, हे सारे थोतांड आहे. हवामान पूर्वीही बदलत होते. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अवघा अडीच टक्के. आता कुठे आपली माणसे विमानात बसू लागली, तर लगेच उडणे पाप ठरले!"

शेवटचे वाक्य आम्हांला लागले. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही आईला प्रथमच विमानाने नागपूरला दीक्षाभूमीवर नेले. एरवी ती जनरल डब्यात दारापाशी बसून जायची. ती दीड तास खिडकीला नाक लावून बसली होती. ते पाप होते असे आम्ही कुणाला म्हणू देणार नाही. २०१८ साली जगातल्या सुमारे ११ टक्केच लोकांनी विमानप्रवास केला, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनाला जगातले १ टक्का लोक कारणीभूत आहेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ही रक्कम आईच्या खात्यावर टाकता येणार नाही.

पण थोतांड? अडीच टक्के हा आकडा खरा. मात्र विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांचा परिणाम धरला तर तापवण्यातला वाटा आणखी वाढतो. एक किलो विमानइंधन जळून तीन किलोंहून जास्त वायू निघतो, हे वाचून आम्हा बी.कॉम.वाल्याला हिशेबच चुकल्यासारखा वाटला होता. हवेतला प्राणवायू त्यात मिळतो, हे मुलीने समजावले.

आम्ही त्याला विचारले, "बाळा, ढगात शिरल्यावर भरवसा कशावर ठेवतोस?"

"काट्यांवर. डोळे फसवतात."

"मग हवाई बेटावर १९५८ पासून हवा मोजणारे काटे खोटे कसे? तेव्हा दहा लाख भागांत ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर गेला आहे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आपणच सांगू लागला की, कडक उन्हात हवा विरळ होते, विमान उचलायला जड जाते, कधी वजन कमी करावे लागते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेले इंधन थोडेसे मिसळून मे २०२३ मध्ये पुणे-दिल्ली विमान उडाले, तेही त्यानेच सांगितले. थोतांडावरच्या उपायाची त्याला बरीच माहिती होती!

२५ जुलै २०२४ ला पवनेचे पाणी आईच्या खोलीत शिरले आणि तिने पत्र्याची ट्रंक घेऊन महापालिकेच्या शाळेत रात्र काढली, हे आम्ही सांगितले. तो म्हणाला, एका पुराने काही सिद्ध होत नाही. खरे आहे, धरणाचा विसर्ग असतो, नदीपात्रातले भराव असतात. पण तापलेली हवा जास्त बाष्प धरते, हेही वैमानिकाला ठाऊक असतेच.

निघताना तो आईच्या पाया पडला. "आजी, पुन्हा नागपूरला कधी?"

"ने की. फक्त पावसाळ्यात नको. ट्रंक उचलायला घरी कुणीतरी लागतं."